नळीचे तीन तुकडे

विनिपेग
९ जानेवारी २०२४

प्रमोदिनीताई,

साष्टांग नमस्कार. गुडघ्यांमुळे प्रत्यक्ष घालता येत नाही, म्हणून कागदावर घालतो.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न उघडताच रिसायकलिंगमध्ये टाकलं नसेल, असं धरून पुढे लिहितो. नीरजाला जाऊन दोन वर्षं दोन महिने झाले. त्या दिवशी सगळं उरकल्यावर पार्किंग लॉटमध्ये तुम्ही मला म्हणालात, "दिलीपराव, यापुढे मला फोन करू नका." मी केला नाही. आजही करत नाहीये. पत्राबद्दल तुम्ही काही बोलला नव्हतात, तेवढ्या फटीतून आत येतोय.

काम नळीचं आहे.

माझा शेजारी ओरेस्ट तुम्हाला आठवत असेल. उंच, युक्रेनियन, आपल्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करता करता आमचाही करून टाकायचा आणि बदल्यात नीरजाकडून पुरणपोळ्या वसूल करायचा. दर शुक्रवारी त्याच्या गराजमध्ये हीटर लावून आम्ही दोघं त्याने घरी केलेली बिअर प्यायचो. नीरजा गेल्यावर आठवड्यातला तेवढाच एक वार मला ओळखू यायचा. नोव्हेंबरात त्याच्या मुलीने त्याला वृद्धाश्रमात नेलं. जाताना त्याने बिअरचं सगळं सामान माझ्या बेसमेंटमध्ये आणून ठेवलं. मोठं पातेलं, झाकणाची बादली, पन्नास रिकाम्या बाटल्या. नळ्या मात्र त्याने स्वतःच्या हाताने कापून फेकल्या. म्हणाला, "एव्हरीथिंग एल्स इज युअर्स, डिलिप. होजेस यू बाय न्यू." आणि एक अट घातली, पहिली बाटली त्याला.

दुकानात गेलो तर तीन तऱ्हेच्या नळ्या. विक्रेत्याला विचारलं, कुठली घेऊ? तो तिन्हींकडे बोट दाखवून मोकळा झाला. तुम्ही एकतीस वर्षं नळ्यांच्या कारखान्यात, क्वालिटीच्या लॅबमध्ये काढलीत. या खंडावर माझ्या ओळखीत नळीतलं कळणारं दुसरं कोणी नाही. खरं सांगायचं तर या खंडावर नीरजाला फ्रॉकमध्ये पाहिलेलंही दुसरं कोणी उरलेलं नाही. पण ते राहू दे.

तिन्हींचे बोटभर तुकडे सोबत पाठवतोय, अ, ब, क अशा चिठ्ठ्या लावून. उत्तर आलं तर कुठली नळी घ्यायची ते कळेल. नाही आलं तर तेही कळेल.

आपला,
दिलीप

◆

ओकव्हिल
२४ जानेवारी २०२४

श्री. दिलीपराव यांस,

तुकडे मिळाले. कापायला कात्री वापरलीत. ब्लेड वापरायचं असतं. कात्रीने कड दबते, तिरपी होते, मग नळी तोटीवर नीट बसत नाही आणि हवा आत शिरते.

अ म्हणजे साधं व्हिनाइल. काचेसारखं दिसतं म्हणून लोक भुलतात. थंड बिअर बाटल्यांत भरायला ठीक आहे, पण माल्टचा उकळता रस त्यातून सोडलात तर नळी शेवयांसारखी मऊ पडेल, भिंती एकमेकींना चिकटतील आणि प्लास्टिकची चव उतरेल ती वेगळीच. ब म्हणजे सिलिकॉन, दुधी रंगाचं. ते उकळतं सोसतं. गरम कामाला तेच घ्या. मात्र सिलिकॉनमधून हवा आरपार जाते, तेव्हा त्यात बिअर नुसती भरून ठेवायची नाही, काम झालं की रिकामी करायची. क विसरून जा. ती कडक नळी पिंपाला नळ लावणाऱ्यांसाठी असते, तुमच्या बादलीला ती वळणारसुद्धा नाही.

माप आतल्या व्यासाचं बघायचं, बाहेरच्या नव्हे. तुमच्या तोटीला बहुधा तीन अष्टमांश इंच लागेल. टोक गरम पाण्यात मिनिटभर बुडवा, मग चढवा. रस ओढायला तोंड लावू नका, तुमच्या तोंडातलं सगळं बिअरमध्ये जाईल.

आणखी एक. नळी वास धरते, आणि सिलिकॉन तर सगळ्यात जास्त. आणल्यावर धुवा, उभी टांगून आतून कोरडी करा आणि गुंडाळी करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. धूळ नको, उजेड नको. डब्याला आधी कसला वास नाही ना, हे हुंगून बघा.

तुम्ही नळीबद्दल विचारलंत म्हणून एवढं लिहिलं. बाकी कशाबद्दल लिहायचं नाही असं ठरवूनच बसले होते, पण एक लिहिते. ऑगस्ट २०२२ मध्ये संजय गेले. मंडळाच्या ग्रुपवर बातमी होती, तुम्ही वाचली असणार. तुमचा फोन आला नाही.

प्रमोदिनी

◆

विनिपेग
१२ फेब्रुवारी २०२४

ताई,

बातमी वाचली होती. तीन वेळा तुमचा नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला. तुम्ही नको म्हणाला होतात, त्या शब्दामागे मी लपलो. हुकूम पाळणं सोपं असतं, विशेषतः भीती वाटत असेल तेव्हा. संजयरावांच्या जाण्याला दीड वर्ष झाल्यावर लिहितोय, आणि लाज वाटते. त्यांनी मला पहिल्या हिवाळ्यात स्वतःचे लोकरी मोजे दिले होते. ते अजून आहेत. माझ्या पायात नव्हे, कपाटात.

आता नळी. ब घेतली, तीन अष्टमांश, अंदाज अचूक निघाला. बाटल्यांसाठी थोडी अ घेतली. ब्लेडने कापल्या. नीरजाचा बेसमेंटमधल्या किचनमधला पत्र्याचा मोठा गोल डबा रिकामा केला, कोरड्या फडक्याने पुसला, गुंडाळी त्यात अशी बसली की जणू डबा मापानेच केलाय. आठवडाभर नळ्या त्यात होत्या. डबा हुंगून बघितला होता. वास नाही.

गुरुवारी बिअर घातली. बाहेर उणे चौतीस. माल्टचा रस तासभर उकळला, मग तुमच्या ब नळीतून बादलीत सोडला. हात भाजला, पण थोडाच. यीस्ट टाकली आणि झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेलो तर झाकणावरच्या एअरलॉकमधून बुडबुडे येत होते, मिनिटाला वीस. मी खुर्ची नेऊन ठेवली आहे. चहा घेऊन तिथेच बसतो. घर तापवणारा फर्नेस सोडला तर दोन वर्षांत या घरात स्वतःहून आवाज करणारं हे पहिलंच कोणीतरी. काल पेपरमधली बातमी त्याला वाचून दाखवली. हसू नका.

दिलीप

◆

विनिपेग
२६ मार्च २०२४

ताई,

तुमचं उत्तर आलं नाही, तरी लिहितोय. मंडळातली कृतिका ईस्टरला तिच्या भावाकडे ओकव्हिलला येतेय, तिच्या सामानात एक बाटली देतोय. एकाच बाटलीला ती कबूल झाली.

पहिली बाटली ठरल्याप्रमाणे ओरेस्टला नेली. त्याने एक घोट घेतला, खिडकीबाहेर बघितलं, दुसरा घेतला आणि म्हणाला, "डिलिप, दिस इज व्हेरी इंटरेस्टिंग." कॅनडात इंटरेस्टिंग म्हणजे काय, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त वर्षं माहीत आहे. काय बिघडलंय विचारलं तर माझा हात थोपटत राहिला.

तुम्ही लॅबवाल्या आहात, भीड ठेवणार नाही. काय चुकलं ते कळवा. न कळवण्याइतकं वाईट असेल तर तेवढं तरी कळवा.

दिलीप

◆

ओकव्हिल
२ एप्रिल २०२४

दिलीपराव,

कृतिका शनिवारी बाटली देऊन गेली. आज सगळे गेल्यावर उघडली. जयदीप आणि सूनबाई साडेसातला गो ट्रेनने ऑफिसला निघतात, ईशानी आठला शाळेत. मग सहापर्यंत या घरात मराठी बोलायचं तर मला स्वतःशीच बोलावं लागतं. त्यामुळे तपासणी अगदी शांततेत झाली.

काचेच्या ग्लासात ओतली, उजेडात धरली. रंग चांगला. फेस नाही, म्हणजे बाटलीत साखर कमी पडली. हे किरकोळ. मग नाकाजवळ नेली आणि मला खुर्ची ओढून बसावं लागलं.

गोडा मसाला. बाजारचा नव्हे. तीळ आणि खोबरं एक पायरी जास्त भाजलेलं, आणि दगडफूल मापाच्या वर. मिरजेला आई तिला ओरडायची, "नीरू, दगडफूल आवर." तिने शेवटपर्यंत आवरलं नाही. असा मसाला जगात एकच बाई करत होती.

ईशानी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि दारातच थांबली. म्हणाली, "आजी, व्हाय डझ इट स्मेल लाइक विनिपेग?" ती तुमच्याकडे शेवटची आली तेव्हा आठ वर्षांची होती.

नळी कुठल्या डब्यात ठेवली होतीत ते मला आता कळलं आहे. सिलिकॉनने मसाल्याचा वास आठवडाभर शोषला, पत्र्याच्या सांध्यातली पूडही आत गेली असेल, आणि उकळत्या रसाने सगळं बिअरमध्ये उतरवलं. हे माझ्या विषयातलं आहे, त्यात मला शंका नाही. पण मी हुंगून बघा असं लिहिलं होतं. तुम्ही उलट लिहिलंत, वास नाही. तो डबा नाकाशी धरून वास नाही असं म्हणणारा माणूस असू शकतो हे मी मानायला तयार नाही. मुद्दाम केलंत का हे? मला रडवायचं होतं? काही सांगायचं होतं तर सरळ लिहायचं, बाटलीत भरून कशाला पाठवायचं?

नियमाने ती नळी बाद. लॅबमध्ये माझ्या टेबलावर आली असती तर मी अख्खा लॉट परत पाठवला असता. टाकून द्या.

बाटलीत अजून अर्धी शिल्लक आहे. ती मी ओतून दिलेली नाही. झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली आहे, आणि का ठेवली ते मला विचारू नका.

प्रमोदिनी

◆

विनिपेग
९ एप्रिल २०२४, पाडवा

ताई,

मुद्दाम नाही केलं. देवाशपथ नाही.

मला वास येत नाही. नीरजा गेली त्यानंतर दोन महिन्यांनी मला कोविड झाला. ताप चार दिवसांत उतरला, नाक गेलं ते गेलंच. डॉक्टर म्हणाले येईल, मग म्हणाले बघू. दूध करपलेलं मला धूर दिसल्यावर कळतं. वरण आणि कॉफी यांच्यात मला फक्त दाटपणाचा फरक लागतो. हे मी कोणालाच सांगितलं नाही. ओरेस्टलाही नाही, त्याची बिअर मी दोन वर्षं नुसती गार आहे म्हणून पीत होतो. तुम्ही डबा हुंगायला सांगितलात तेव्हा मी खरंच त्यात डोकं घातलं. काही आलं नाही, येणारच नव्हतं. पण नाक गेलंय हे तुम्हाला लिहायची लाज वाटली. इतक्या दिवसांनी तुमचं पत्र आलेलं, त्यात रडगाणं कुठे गायचं? म्हणून लिहून टाकलं, वास नाही.

आता दुसरं, ते याहून वाईट आहे. त्या डब्यात तळाला मसाल्याची पिशवी होती. तिने केलेला शेवटचा. त्या वर्षी गणपती झाल्यावर, खाली बेसमेंटच्या स्टोव्हवर. तिला उभं राहवत नव्हतं. ती खुर्चीत बसून सांगत होती आणि मी ढवळत होतो. "आता खोबरं. आता थांबा. आता खाली उतरवा, किती वेळ बघताय?" किलोभर केला. मी म्हटलं, एवढा कशाला? ती म्हणाली, वर्षभर पुरेल तुम्हाला.

मी तो वापरला नाही. आधी हात लावायचा धीर झाला नाही, मग नाक गेलं. जानेवारीत नळ्यांना डबा हवा होता. पिशवी काढली. दोन वर्षं जुना मसाला, मला त्यातलं काय कळणार, असं म्हणून कचऱ्याच्या डब्यात टाकली. बुधवार होता, ट्रक येऊन घेऊन गेला. माझी अशी समजूत होती की घरातून तिचा वास केव्हाच गेलाय आणि माझं नाक ज्याला मुकेल असं काही उरलेलंच नाही. तुमचं पत्र वाचेपर्यंत मला माहीत नव्हतं की मी काय फेकलं.

आणि तुम्ही पार्किंग लॉटमध्ये विचारलंत, तिच्या आजाराचं आधी का नाही कळवलं, त्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नव्हतं. संजयरावांची बायपास नुकतीच झाली होती. नीरजा म्हणाली, ताईला आत्ता नको, तिच्याकडे तेच खूप आहे, मी बरी झाले की मीच सांगेन. मलाही ती बरी होईल असं वाटत होतं. शेवटच्या तीन दिवसांपर्यंत वाटत होतं. तुम्ही दोन तास उशिरा पोचलात. तिच्यावर ढकलत नाही, फोन माझ्या हातात होता. मी करायला हवा होता.

नळी टाकलेली नाही. टाकायला बाहेर घेऊन गेलो, डब्याचं झाकण उघडलं आणि परत आणली. आता घरात तिचा वास असलेली ती एकच वस्तू असेल, आणि ती तरी आहे का हे मला कळायला मार्ग नाही. असा वास किती दिवस टिकतो? हा प्रश्न तुमच्या लॅबचा आहे. तुम्ही एकदा इकडे येता का? हा लॅबचा नाही. मला ही नळी कोणाला तरी हुंगायला द्यायची आहे, आणि तुमच्याखेरीज कोणाला द्यावी हे सुचत नाही.

दिलीप

◆

ओकव्हिल
१७ एप्रिल २०२४

दिलीपराव,

नळी धुऊ नका.

पुढचं नीट वाचा आणि आजच करा. ब्लेडने तिचे तीन तुकडे करा. काचेची बरणी घ्या, लोणच्याची नको, मुरंब्याची नको, नवी घ्या, पत्र्याच्या झाकणाची. तुकडे त्यात घालून झाकण घट्ट लावा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, पिशवी वास खाते. फर्नेसजवळ ठेवू नका. जिन्याखाली ठेवा, तिथे गार असतं. झाकण उघडायचं नाही. तुम्हाला उघडून उपयोग नाही आणि दर वेळी थोडा जातो.

किती टिकेल विचारलंत. असा ठेवला तर सहा-सात महिने, नशीब असेल तर पुढच्या थंडीपर्यंत. त्याहून जास्त सांगितलं तर खोटं होईल. प्लास्टिक धरून ठेवतं तसं सोडतंही.

तुम्ही मसाला टाकलात हे वाचून मी तुमच्यावर जोरात ओरडले, इथे, रिकाम्या किचनमध्ये. मग ओरडून झाल्यावर पत्राच्या सुरुवातीकडे परत आले. दोन वर्षं तुम्ही बेचव जेवताय आणि एका माणसाला सांगितलं नाहीत. मलाही इथे तसंच झालंय, फक्त माझं नाक शाबूत आहे. जेवायला चौघं असतो, पण ताटावर कोणाचं कोणाशी बोलणं होत नाही. संजय गेल्यावर मी आमटीला मसाला घालायचं सोडलं. कोणी विचारलं नाही.

नीरूने मला सांगू नका म्हटलं असणार हे मला त्या पार्किंग लॉटमध्येच ठाऊक होतं. लहानपणी ताप आला तरी ती आईपासून लपवायची, मला माहीत नसेल का? पण तिच्यावर रागावता येत नव्हतं, ती गेली होती. तुम्ही समोर उभे होतात, कोटाची बटणं चुकीची लावलेली. मी तुमच्यावर रागावले. ते मला दोन वर्षं पुरलं. आता पुरत नाही.

मी येतेय. शनिवार, २७ एप्रिल, दुपारचं विमान. तीन आठवडे राहीन. जयदीप म्हणाला, "आई, आर यू शुअर?" मी शुअर म्हटलं.

बरोबर धणे, तीळ, खोबरं आणि दगडफूल आणतेय, बघून आणलेलं, हुंगून आणलेलं. मसाला खालच्या स्टोव्हवरच करू. तुम्ही ढवळायचं, मी खुर्चीत बसून सांगेन. आईने आम्हा दोघींना एकाच दिवशी शिकवला होता, त्यामुळे प्रमाण मला पाठ आहे. दगडफूल या वेळी मी आवरणार नाही. रोज सकाळी तुम्हाला त्याच्यासमोर बसवणार आहे. येईल किंवा येणार नाही, पण मी शेजारी बसून सांगेन की आत्ता कसला वास येतोय.

बिअरसाठी नवी नळी घेतली आहे, सिलिकॉन, तीन अष्टमांश. ओरेस्टला एक सरळ बाटली देणं लागता तुम्ही. ती नळी मात्र वेगळ्या डब्यात राहील, आणि डबा मी हुंगेन.

फ्रिजमधली अर्धी बाटली तिथेच ठेवून येतेय. ईशानीला सांगितलंय, हात लावायचा नाही. ती म्हणाली, "आय नो, आजी."

विमानतळावर तुम्ही कुठल्या दाराशी थांबाल ते मला आधी कळायला हवं, माझे गुडघेही तुमच्यासारखेच झालेत. हे पत्र तुमच्या हातात पडेपर्यंत आठवडा संपत आलेला असेल, पत्राने उत्तर द्यायला वेळ राहणार नाही. तेव्हा फोन करा.

ताई